औषधाचा पहिला गुण

घरांत मोठें दुखणें आलें म्हणजे डॉक्टरांचें नांव सर्वांच्या आधीं निघतें आणि पैशाचें नांव सर्वांच्या शेवटीं निघतें. मध्यंतरीं जें जें ठरतें तें बहुधा पैशानेंच ठरत असतें. परंतु तसें तोंडानें बोलणें कोणास प्रशस्त वाटत नाहीं. वडिलांच्या औषधाचा हिशेब मांडणारा मुलगा कृपण ठरतो, न मांडणारा कर्जांत बुडतो, आणि ज्यांच्यासाठीं हें सर्व चाललेलें असतें त्या वडिलांस कोणी कांहीं विचारीतच नाहीं. आमच्या मतें हा हिशेब मांडण्यांत पाप नाहीं. किंबहुना तो वेळेवर, उघडपणें आणि रोग्याच्या समक्ष मांडणें हा शुश्रूषेचाच एक भाग होय. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावर अलीकडे जी इम्युनोथेरपी नांवाची उपचारपद्धति आली आहे, तिच्या निमित्तानें हा विषय आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची सारी नोकरी भोर आणि वेल्हें या दोन तालुक्यांतील शाळांत गेली. वेल्हें तालुक्यास राजगड म्हणावें असा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला. परंतु आमच्या जिभेस जुनेंच नांव रुळलेलें आहे. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाहीं. खेड्यांतील लोक पूर्वीं सातबारा वाचवून घेण्यास आणि अर्ज लिहून घेण्यास येत. अलीकडे ते रुग्णालयाचे कागद घेऊन येतात. या मुलुखांत खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकते. परंतु जमिनीचें मोल आतां पिकावर ठरत नाहीं. पुणें किती जवळ आणि अंगणांतून गड दिसतो कीं नाहीं यावर ठरतें. त्यामुळें दुखणें आलें कीं जमिनीस गिऱ्हाईक तयारच असतें, आणि औषधाचा प्रश्न बोलतां बोलतां जमिनीचा प्रश्न होऊन बसतो.

२०२३ सालच्या वैशाखांत गुंजवणीच्या खोऱ्यांतील आमचा एक जुना विद्यार्थी अशीच कागदांची पिशवी घेऊन आमच्या ओसरीवर आला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता. वडिलांचा खोकला हटत नव्हता. क्षयाच्या शंकेंत कांहीं महिने गेले. शेवटीं पुण्यास तपासणी होऊन फुप्फुसाचा कर्करोग हाडांपर्यंत पसरल्याचें निष्पन्न झालें. डॉक्टरांनीं पेम्ब्रोलिझुमॅब नांवाचें औषध सुचविलें होतें. दर तीन आठवड्यांनीं २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या, शिरेंतून द्यावयाच्या. एका कुपीची छापील किंमत दोन लाख रुपयांच्या घरांत. धाकटा म्हणे, "गुरुजी, खाचर विकूं. जमीन पुन्हां घेतां येईल, बाप कोठून आणावा?" थोरला म्हणे, "खाचर गेल्यावर आईनें काय खावें?" दोघांचेंही म्हणणें खरें होतें, आणि म्हणूनच वाद मिटेना.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पुढें काय तें संस्कृत पाठशाळेंत. वैद्यकाचा अधिकार आमचा नव्हे. परंतु आमची पुतणी पुण्यास औषधशास्त्र शिकविते. तिला बसवून घेऊन आम्ही हा विषय जमेल तितका समजावून घेतला.

आपल्या रक्तांतील कांहीं पेशी शरीराचा पहारा करितात. शत्रु दिसला कीं त्या तुटून पडतात. परंतु त्यांनीं स्वकीयांवर शस्त्र धरूं नये म्हणून निसर्गानें त्यांस एक परवल दिली आहे. ती ऐकली कीं पहारेकरी हात आवरतो. कर्करोगाची पेशी ही परवल चोरते आणि राजरोस दरवाजांतून आंत शिरते. जपानांतील क्योटो येथील तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेनें या परवलीचें यंत्र, ज्यास पी. डी. वन म्हणतात तें, १९९२ सालीं शोधून काढलें. आणि २०१८ सालीं त्यांस अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. नवें औषध रोगावर घाव घालीत नाहीं. तें पहारेकऱ्यास ती चोरलेली परवल ऐकूं येऊं देत नाहीं. मग शरीरच आपलें काम करतें. क्वचित् तो पहारेकरी अनावर होऊन स्वकीयांवरही उलटतो आणि फुप्फुस, आंतडीं, कंठग्रंथि यांस इजा होते. म्हणून हें औषध अनुभवी डॉक्टरांच्याच हातचें.

गुण येतो काय? येतो. ज्यांच्या गांठींत पी. डी. एल्. वन नांवाची खूण निम्म्याहून अधिक पेशींवर सांपडते अशा ३०५ रोग्यांवर एक आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. त्याचा पहिला निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस आरंभीं केमोथेरपी दिली त्यांपैकीं पांच वर्षांनंतर शंभरांत सुमारे १६ जण हयात होते. ज्यांस आरंभीं पेम्ब्रोलिझुमॅब दिलें त्यांपैकीं सुमारे ३२. ज्या रोगांत पूर्वीं वर्ष काढणें कठीण, त्यांत हा लाभ लहान नव्हे. परंतु तोच आंकडा उलट बाजूनेंही वाचला पाहिजे. औषध मिळूनही शंभरांतले ६८ जण पांच वर्षें पुरीं करूं शकले नाहींत. "नवें औषध आलें आहे" या एका वाक्यांत हे दोन्ही अर्थ भरलेले असतात; घरांत ऐकूं जातो तो मात्र एकच.

आतां खर्च पाहूं. एका वेळच्या दोन कुप्या म्हणजे सुमारे चार लाख. वर्षांत अशा सतरा वेळा येतात. म्हणजे छापील किंमतीनें वर्षास अडुसष्ट लाख. कंपन्यांच्या साहाय्य-योजनांनीं हा बोजा कांहींसा हलका होतो, हें खरें. तरीही आयुष्मान भारत योजनेंत एका कुटुंबास वर्षाला जें पांच लाखांचें संरक्षण मिळतें, त्या रकमेशीं तुलना केली तर एक मात्रा देऊन दुसरीस ती अपुरी पडते.

असा हिशेब मांडण्याची सरकारांचीही रीत आहे. इंग्लंडांत १९९९ सालीं यासाठीं नाइस नांवाची एक संस्था स्थापन झाली. पूर्ण आरोग्याचें एक वर्ष हें माप धरावयाचें. रोगाच्या कष्टांत गेलेलें वर्ष त्याच्या निम्में किंवा पाऊण मोजावयाचें. आणि असें एक वर्ष मिळविण्यास नव्या औषधानें जुन्यापेक्षां किती अधिक खर्च येतो तें पाहावयाचें. त्या संस्थेची मर्यादा दीर्घकाळ २० ते ३० हजार पौंडांची होती. किंमत त्यापलीकडे गेली कीं ती कंपनीशीं घासाघीस करी. आपल्याकडे केंद्र सरकारच्या आरोग्य-संशोधन विभागानें २०१७ सालीं असेंच काम सुरू केलें. येथें सामान्यतः देशाच्या दरडोई वार्षिक उत्पन्नाइतका खर्च ही मर्यादा धरतात. तें उत्पन्न दोन लाखांहून थोडें अधिक आहे. वर्षास अडुसष्ट लाखांचें औषध या मापांत कसें बसावें, हें सांगण्यास गणिताचा मास्तर नको.

येथें कोणी म्हणेल, सरकारानें सहस्रांचा विचार करावा, पण मुलानें आपल्या एका बापाचाच करावा. हें बरोबर आहे. बापाच्या आयुष्याचा वर्षाला दोन लाख हा भाव कोणत्याही मुलानें लावूं नये. परंतु माप लावण्याची ती रीत मात्र घरानेंही उचलावी. आपण काय विकत घेत आहों, किती काळापुरतें, तें मिळण्याचा संभव शंभरांत किती, आणि त्यापायीं दुसऱ्या कोणाचें काय जाणार, हे प्रश्न दिल्लीस जसे लागू तसेच वेल्ह्याच्या ओसरीवरही लागू आहेत. ते न विचारल्यानें काय होतें याचा एक दाखला आमच्याच आप्तांत घडला.

आमच्या एका चुलत वहिनींनीं जन्मांत कधीं तपकीर ओढली नाहीं. पण आयुष्याचीं पहिलीं चाळीस वर्षें त्यांनीं चुलीपुढें काढलीं होतीं. त्यांस हाच रोग झाला. विडी न ओढणाऱ्यांस तो होत नाहीं ही समजूत खोटी आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयांतील ४८९ रोग्यांची पाहणी २०१२ सालीं प्रसिद्ध झाली, तींत निम्म्याहून अधिक रोगी धूम्रपान न करणारे निघाले. वहिनींस एका मोठ्या खाजगी रुग्णालयांत इम्युनोथेरपीच्या तीन मात्रा दिल्या. त्यासाठीं मुलानें राहतें घर गहाण टाकलें. गांठीच्या जनुकाच्या तपासणीचा कागद त्यानंतर हातीं आला. त्यांत ई. जी. एफ्. आर. नांवाच्या जनुकांतील बदल सांपडला. भारतांतील फुप्फुस-कर्करोगाच्या रोग्यांपैकीं सुमारे चतुर्थांशांत हा बदल आढळतो. अशांस इम्युनोथेरपीचा गुण बेताचाच येतो आणि गोळ्यांचा फार चांगला येतो. त्यांपैकीं गेफिटिनिब ही गोळी भारतांत अनेक कंपन्या करितात आणि ती महिन्यास कांहीं हजारांत मिळते. टाटा रुग्णालयानेंच ३५० रोग्यांवर प्रयोग करून २०२० सालीं दाखवून दिलें कीं, या गोळीस केमोथेरपीची जोड दिली तर रोग सरासरीनें आठ महिन्यांऐवजीं सोळा महिने आवरून धरतां येतो. वहिनींचें घर ज्या तीन मात्रांत गेलें, त्या मात्रांपूर्वीं एका कागदाची वाट पाहिली असती तर तें गेलें नसतें. महाग औषध हें नेहमीं अधिक चांगलें औषध असतेंच असें नाहीं.

मात्रेचा प्रश्न तर आणखीच विलक्षण आहे. पेम्ब्रोलिझुमॅब प्रथम आलें तेव्हां वजनाच्या दर किलोस २ मिलिग्रॅम हें त्याचें प्रमाण होतें. दर किलोस १० मिलिग्रॅम देऊनही अधिक गुण येत नाहीं असें प्रयोगांत दिसलें होतें. पुढें सर्वांस सरसकट २०० मिलिग्रॅम हें प्रमाण रूढ झालें. शंभर किलोंच्या धिप्पाड गोऱ्यास तें बरोबर बसतें. मावळांतील पन्नास किलोंच्या शेतकऱ्यास तें दुप्पट होतें. कॅनडांतील अनेक प्रांतांत आणि नेदरलंड्समध्यें आजही वजनावर मात्रा ठरवितात. सरसकट प्रमाण सोडून वजनाचें धरलें तर एकट्या अमेरिकेंत वर्षास सुमारे ८२ कोटि डॉलर वांचतील, असा हिशेब संशोधकांनीं २०१७ सालीं मांडला होता. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांचें वजन होतें ४८ किलो. त्यास लागणारें औषध ९६ मिलिग्रॅम. म्हणजे दोन नव्हे, एकच कुपी. हा प्रश्न मुलांनीं डॉक्टरांस विचारल्यावर डॉक्टर रागावले नाहींत. विचार करून ते म्हणाले, "असें देतां येईल."

याहून धीट पाऊल मुंबईस पडलें. टाटा रुग्णालयांत ज्यांस इम्युनोथेरपी घ्यावयास हवी त्यांपैकीं शंभरांत तीन जणांसही ती परवडत नाहीं असें तेथील डॉक्टरांच्या ध्यानांत आलें. तेव्हां तोंडाच्या व घशाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर त्यांनीं प्रयोग केला. निवोलुमॅब या औषधाचें रूढ प्रमाण दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. त्यांनीं दर तीन आठवड्यांस अवघें २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीस दिलें. वर्षाअखेर हयात असणारांचें प्रमाण नुसत्या गोळ्यांवर शंभरांत १६ होतें, तें ४३ झालें. हा आंकडा फुप्फुसाच्या रोगास जसाच्या तसा लावतां येत नाहीं, हें खरें. तरी इतक्या थोड्या औषधानेंही गुण येऊं शकतो, हें एका भारतीय रुग्णालयानें दाखविलें. औषध महाग आहे म्हणून हात जोडून बसण्यापेक्षां किती औषध खरोखर लागतें हें विचारणें हें विद्वत्तेचें लक्षण होय.

आमच्या आवडीचा विषय आतां निघतो. आयुर्वेदांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण. वाग्भटानें चांगल्या रोग्याच्या गुणांत प्रथम शब्द घातला आहे तो 'आढ्य', म्हणजे पैसेवाला. शिकत असतां आम्हांस या शब्दाचें हंसूं येत असे. आज येत नाहीं. वाग्भट व्यवहार जाणत होता. परंतु चरकानें रोग्याचे गुण सांगितले त्यांत श्रीमंती नाहीं. स्मरणशक्ति, सांगितलेलें करणें, निर्भयपणा आणि आपली व्यथा नीट सांगतां येणें, हे ते गुण. आणि औषधाचे गुण सांगतांना चरकानें पहिला गुण सांगितला तो 'बहुता', म्हणजे औषध विपुल असणें. तें रोगास योग्य असणें हा गुण त्यानंतर येतो. एकानें पैशाची अट रोग्यावर घातली, दुसऱ्यानें विपुलतेची अट औषधावर घातली. आम्ही चरकाच्या बाजूचे. जें औषध गुणकारी आहे पण मिळत नाहीं, त्यांत गुणाचीच उणीव आहे; किंमत ही औषधाबाहेरची गोष्ट नव्हे.

या दृष्टीनें पाहतां गेल्या दोन-तीन वर्षांत कांहीं चांगल्या गोष्टी घडल्या आहेत. डुर्व्हालुमॅब या फुप्फुस-कर्करोगावरील अशाच एका औषधावरील आयात-जकात केंद्र सरकारानें २०२४ सालीं काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालच्या सप्टेंबरांत पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगासाठीं पेम्ब्रोलिझुमॅबचा समावेश आवश्यक औषधांच्या यादींत केला. आणि अहमदाबादच्या झायडस कंपनीनें २०२६ सालच्या जानेवारींत निवोलुमॅबची भारतांत तयार केलेली आवृत्ति मूळच्या सुमारे चौथाई किंमतींत बाजारांत आणली. बहुतेकडे जाण्याची वाट ही अशी आहे.

एका औषधाचें नांव मात्र या सर्व हिशेबांत कोणी घेत नाहीं, कारण त्यांत कोणास नफा नाहीं. अमेरिकेंत बोस्टन येथें याच रोगाच्या १५१ रोग्यांवर झालेला एक प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांस नेहमींचे उपचार. उरलेल्यांस त्यांच्याच जोडीला पहिल्यापासून वेदना, धाप, झोप आणि मनाची काळजी वाहणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची नियमित भेट. या दुसऱ्या रोग्यांचें मन अधिक स्वस्थ राहिलें. त्यांनीं शेवटीं शेवटीं जहाल उपचार कमी घेतले. आणि तरीही ते सरासरीनें अधिक जगले, ८.९ महिन्यांऐवजीं ११.६ महिने. आपल्या भागास हें दुर्लभ नाहीं. पुण्याच्या बाह्यवळणावर वारजे येथें सिप्ला संस्थेचें केंद्र १९९७ सालापासून अशी शुश्रूषा विनामूल्य करीत आहे. भोराहून किंवा वेल्ह्याहून पुण्यास जाणाऱ्यास तें वाटेवरचेंच. परंतु आमच्या लोकांस तेथें जाणें म्हणजे आशा सोडणें असें वाटतें, आणि ते जातात तेव्हां फार उशीर झालेला असतो.

गुंजवणीच्या खोऱ्यांतील त्या दोघां भावांस आम्हीं एकच सल्ला दिला: हा सारा हिशेब वडिलांपुढें मांडा. ते कचरले. रोगाचें नांवही वडिलांस सांगितलेलें नव्हतें. शेवटीं आम्ही स्वतः त्यांच्या घरीं गेलों. म्हाताऱ्यानें सर्व ऐकून घेतलें. मग तो म्हणाला, "मास्तर, बैल घ्यायचा तर आपुन त्येचं दात मोजतो. मग माज्या औशिदाची मोजदाद माज्या माघारी का?" मुलें खालीं पाहूं लागलीं. म्हाताऱ्यानें मग आपण होऊन मर्यादा घातली. डोंगराकडचें वरकस विकावें. खाचरास हात लावूं नये. वरकसाचे पैसे पुरतील तोंवर औषध. चार मात्रांनंतर पुन्हां तपासणी. गांठ वाढलेली दिसली तर त्याच दिवशीं बंद.

चौथ्या मात्रेनंतर गांठ लहान झाली होती. वरकसाच्या पैशांत नऊ मात्रा झाल्या. पुढें औषध थांबलें, तरी कित्येक महिने रोग दबून होता. त्यानें २०२३ची भातलावणी बांधावर बसून पाहिली आणि २०२४ची चिखलांत उतरून. त्या हिवाळ्यांत रोग उलटला. वेदना शमविणारीं औषधें आधींपासूनच सुरू असल्यामुळें शेवटचे दिवस फारसे कष्टाचे गेले नाहींत, आणि २०२५च्या माघांत तो घरींच वारला. एकाच्या अनुभवावरून शास्त्र ठरत नाहीं, आणि यापेक्षां दुप्पट औषधानें दुप्पट आयुष्य लाभलें असतें कीं नाहीं हें कोणीच सांगूं शकणार नाहीं. पण त्या घरांत आज कर्ज नाहीं, भावांत अबोला नाहीं, आणि आई त्याच खाचराचा भात खाते.

सुशिक्षित घरांस आमची विनंती इतकीच. असा प्रसंग आलाच तर पहिल्या मात्रेपूर्वीं डॉक्टरांस चार गोष्टी नम्रपणें विचाराव्या. जनुकाची व पी. डी. एल्. वनची तपासणी होऊन तिचा कागद हातीं आला आहे काय? आमच्या रोग्यासारख्या शंभरांत किती जणांस याचा गुण येतो, आणि किती काळ? वजनावर मात्रा धरणें किंवा भारतांत तयार झालेलें औषध वापरणें शक्य आहे काय? आणि गुण येत नसेल तर तो केव्हां व कशानें कळेल, म्हणजे थांबावें केव्हां? ज्या डॉक्टरांस हे प्रश्न आवडत नाहींत, त्यांच्याकडून उठून दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेण्यांत संकोच बाळगूं नये. वेदनाशमनाची व्यवस्था पहिल्याच आठवड्यांत लावावी, शेवटच्या नव्हे. आणि ही सारी चर्चा माजघरांत कुजबुजत न करितां, ज्याचें दुखणें आहे त्याच्या खाटेशीं बसून करावी. आयुष्य त्याचें आहे. तें कशावर आणि किती खर्चावें हें सांगण्याचा पहिला मान त्याचाच आहे.